अलका ऊर्फ अल्क्रेमी: एका क्रीमच्या बाईचा रिव्ह्यू, सातारहून

सगळ्यात आधी सांगून टाकतो, हा रिव्ह्यू नेमका कशाचा ते मलाच अजून नीट ठरवता आलेलं नाही. पोकेमॉन सोर्ड हा (पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडून लढवायचा) गेम आहे, त्यातली अल्क्रेमी नावाची क्रीमची बाहुली आहे, ऑनलाइन मागवलेलं तिचं सॉफ्ट टॉय आहे आणि फेब्रुवारीत भाचीच्या वाढदिवसाला करून घेतलेला तिचाच अर्धा किलोचा केक आहे, आणि ह्या चार गोष्टी आमच्या घरात आता अशा कालवल्या गेल्यात की एकीबद्दल लिहायला घेतलं की दुसरी येतेच. तर चारही एकत्रच वाचा, ज्याला फक्त केकची माहिती पाहिजे त्यानं सरळ खाली जावं, राग नाही.

नाव आधी. अल्क्रेमी म्हणजे अल्केमी आणि क्रीम ह्यांची खिचडी, जपानीत तिला माहोइप्पु म्हणतात आणि त्यातही जादू आणि व्हिप हेच दोन शब्द दडलेत. हे सगळं मी आईला समजावून सांगितलं, तिनं शांतपणे ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "ती अलका सापडली का रे मग?" तेव्हापासून ती अलकाच. भाची पण अलकाच म्हणते, तिच्या सांगलीच्या मैत्रिणींना पण आता अलकाच माहितीये, त्यातल्या एकीनं म्हणे इंटरनेटवर अलका पोकेमॉन म्हणून शोधलं आणि काहीच मिळालं नाही.

गेम १५ नोव्हेंबर २०१९ चा आहे म्हणजे नवा अजिबात नाही, मी तो मागच्या दिवाळीत सेकंडहँड घेतला, पुण्यातल्या एका माणसाकडून, अठ्ठावीसशेला, केसच्या कोपऱ्याला चीर होती ती त्यानं फोटोत बरोबर अंगठ्यानं झाकली होती. कार्ट्रिज चालली, विषय संपला. गेम फ्रीकनं केलेला, निन्टेंडोच्या स्विच ह्या गेमयंत्रावर चालणारा, गलार नावाच्या मुलखात घडणारा, आणि गलार म्हणजे डोळे झाकून ब्रिटन, तसलीच विटांची घरं, तसलीच हिरवी कुरणं. चिऊ (भाची, चौथीत, राहते विश्रामबागला) दिवाळीच्या सुट्टीत सातारला आली आणि तिनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं की तिला आग ओकणारा ड्रॅगन वगैरे काही नको, तिला ती केकवाली पाहिजे. मामा म्हणून आपलं काय चालतं.

तर केकवाली अशी सरळ गवतात मिळत नाही (बहुतेक तरी). आधी मिल्सरी पकडायची. मिल्सरी म्हणजे क्रीमचा एक तरंगता थेंब, २० सेंटीमीटरचा, ३०० ग्रॅम वजनाचा, आणि ती रूट ५ ह्या गेममधल्या रस्त्यावर असते पण इतकी क्वचित की आम्ही दोन दिवस नुसते गवतातनं चकरा मारत होतो, चिऊ कंटाळली, मी कंटाळलो, आई येताजाता म्हणायची काय हरवलंय त्या पोराचं तिथं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला ती निघाली आणि चिऊ एवढ्यांदा ओरडली की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

मिल्सरीची माहिती गेममधल्या पोकेडेक्समध्ये (म्हणजे सगळ्या पोकेमॉनच्या माहितीची वही) वाचली आणि मला ती तिथंच आवडली. हवेत तरंगणाऱ्या गोड वासाच्या कणांपासून ती जन्माला आली म्हणतात. आता हे वाचल्यावर सातारच्या माणसाच्या डोळ्यापुढं दुसरं काय येणार, मोती चौकाकडनं राजवाड्याला जाताना कंदी पेढ्याच्या दुकानापाशी खवा भाजल्याचा जो वास येतो ना, जरासा करपट, जरासा तुपाळ, त्या वासात एक मिल्सरी नक्की जन्माला येईल, फक्त ती पांढरी नसेल, बदामी असेल. आणि जोडीच्या शील्ड गेममध्ये लिहिलंय की ज्या केकच्या दुकानात मिल्सरी पाऊल टाकते त्या दुकानाची भरभराट ठरलेली. म्हणजे चक्क लक्ष्मी की हो. आपल्याकडं दारात लिंबू-मिरची बांधतात, गलारमधले बेकरीवाले मिल्सरीची वाट बघत बसत असतील.

आता खरी गंमत. मिल्सरीची अल्क्रेमी करायची तर तिच्या हातात एक गोड सजावटीची वस्तू द्यायची, स्ट्रॉबेरी म्हणा, चांदणी म्हणा, रिबिन म्हणा, आणि मग कंट्रोलरची डावी काठी गरागरा फिरवायची. त्याबरोबर गेममधला आपला पोरगा जागच्या जागी गिरक्या घेतो, थांबला की एक पोज देतो, आणि मिल्सरीची अल्क्रेमी होते. दुसऱ्या पोकेमॉनना लढून लढून लेव्हल वाढवावी लागते, कुणाला कसला दगड द्यावा लागतो, हिला फक्त फेटावं लागतं. कारण ती क्रीम आहे, आणि क्रीम फेटल्याशिवाय उभं राहत नाही. ज्यानं कुणी हे डिझाइन केलं त्यानं घरी एकदा तरी क्रीम फेटलं असणार असं माझं मत आहे.

आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा आई शेजारी बसून शेंगा सोलत होती. चिऊनं काठी फिरवायला घेतली, टीव्हीवर पोरगा भोवऱ्यासारखा फिरायला लागला, आई म्हणाली, "अगं चक्कर येईल की त्याला." चिऊ म्हणाली, आजी तो क्रीम फेटतोय. आईनं शेंगा खाली ठेवल्या आणि नीट बघितलं. आणि मग असं बोलली की मी दोन दिवस त्याचाच विचार करत होतो. म्हणाली, "एकाच बाजूला काय फिरवतीस, रवी कधी एका बाजूला फिरते का?"

आता ज्यांनी रवी बघितली नाही त्यांच्यासाठी. आमच्या आजोळी, पाटण तालुक्यात, ताक घुसळायचं म्हणजे खांबाला बांधलेली मोठी रवी असायची, तिला दोरीचे दोन-तीन वेढे, दोरीची दोन टोकं दोन हातात, उजवा हात ओढला की रवी उजवीकडं फिरते, डावा ओढला की डावीकडं, घुर्र-घुर्र, घुर्र-घुर्र, आणि थोड्या वेळानं आवाज बदलतो, जड होतो, मग आजी त्यात गार पाण्याचा तांब्या ओतायची आणि लोण्याचे कण वर यायचे. दोन्ही बाजूला फिरवायचं हे त्या दोरीमुळंच आलंय, दुसरा इलाजच नाही. आणि ह्या गेममध्ये अगदी तेच आहे राव. काठी उजवीकडं फिरवली का डावीकडं, पाच सेकंदांच्या आत थांबलात का जास्त फिरवलंत, आणि बाहेर दिवस आहे का रात्र, ह्या तीन गोष्टींवरनं ठरतं की तुमची अल्क्रेमी कुठल्या चवीची होणार. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ प्रकार. आईनं न खेळता, शेंगा सोलता सोलता, अर्धा फॉर्म्युला सांगून टाकला.

नंतर चिऊ काठी फारच वेळ फिरवायला लागली तर आई म्हणाली, "बास कर, लोणी निघंल." हे पण खरंच आहे, क्रीम जास्त फेटलं की फाटतं आणि त्याचं लोणीच होतं, फक्त गेममध्ये तसं होत नाही. गेमवाल्यांनी ते घालायला पाहिजे होतं, जास्त फिरवली की अल्क्रेमीच्या ऐवजी लोण्याचा गोळा, आम्ही तो पण प्रेमानं सांभाळला असता.

आठ झाले आणि नववा तो भलताच. रेनबो स्वर्ल, म्हणजे सगळे रंग एकात. तो फक्त संध्याकाळी सात ते आठच्या मधेच होतो, ते पण डावीकडं म्हणजे घड्याळाच्या उलटं, दहा सेकंदांच्या वर फिरवत राहिलं तर. आता मला सांगा, मराठी घरात संध्याकाळी सात ते आठ टीव्ही रिकामा असतो का? सातला दिवा लागतो, शुभंकरोती होतं, चिऊला पण हात जोडायला बसवतात, आणि ते संपलं की आईच्या मालिका, एकामागं एक, मधल्या जाहिराती सुद्धा ती सोडत नाही. चार संध्याकाळ आम्ही नुसत्या वाटाघाटीत घालवल्या. मी म्हटलं टीव्ही सोड, स्विच हातात घेऊन कर, छोट्या स्क्रीनवर पण होतं की ते. चिऊ म्हणाली नाही, रेनबोवाली मोठ्यावरच बघायची. दुपारी घड्याळ बदलून सात वाजवून ठेवूया अशी आयडिया मी काढली तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की जसं काय मी परीक्षेचा पेपर फोडलाय. चीटिंग चालत नाही तिच्यात, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणारे. शेवटी भाऊबीजेच्या दिवशी आईनंच सात वाजून दहा मिनिटांनी रिमोट दिला, ओवाळणीच समजा ती.

आता हिशोब. नऊ क्रीम, सात सजावटी, नवं साते त्रेसष्ट. ६३ प्रकारच्या अलका, सगळ्या वेगळ्या दिसतात. व्हॅनिला, रुबी, माचा, मिंट, लेमन, सॉल्टेड, मग रुबी स्वर्ल, कॅरमल स्वर्ल आणि ती रेनबो. चिऊनं शाळेच्या चौकटी वहीत तक्ता आखलाय, नऊ आडवे सात उभे, झालेल्यावर पेननं टिक. सध्या अकरा टिका आहेत. कारण ह्या सजावटी मिळतात बॅटल कॅफेमध्ये, तिथं कॅफेवाल्याशी लढायचं, जिंकलं की तो काहीतरी गोड देतो, पण दिवसातनं एकदाच, आणि काय देईल ते त्याच्या मनावर. स्ट्रॉबेरी ढिगानं मिळाल्या, रिबिन अजून एकदाच. हा मला गेमचा दोष वाटतो, लहान पोरांना रोज मोजकेच चान्स म्हणजे सुट्टी संपते आणि वही रिकामीच राहते, पण चिऊचं म्हणणं मामा तू घाई करतोस.

बरं, क्यूट का आहे पण? म्हणजे खाण्याच्या वस्तूला डोळे लावले की क्यूट होतं एवढं सोपं असतं तर पोकेमॉनमध्ये असले डझनभर आहेत. आइस्क्रीमचा कोन आहे, व्हॅनिलाइट, २०१० चा, त्याला आजपर्यंत लोक हसतात. बुढ्ढी के बाल आहे, सफरचंदातली अळी आहे, कणकेचं कुत्र्याचं पिल्लू आहे, फायडो, ते स्कार्लेट-व्हायोलेटमधलं, ते पण गोडच आहे खोटं कशाला बोलू. पण नीट बघा, ह्यातल्या बऱ्याच जणांकडं बघून आपल्याला काय वाटतं, की हे खाता येईल. आणि गेम पण ते लपवत नाही. स्लोपोकची शेपटी कापून विकायचे ते चोर लोक, १९९९ च्या गेममध्येच. बदक आहे एक, कांद्याची पात स्वतःच हातात घेऊन फिरतं, म्हणजे फोडणीची तयारी करूनच आलंय. आणि ह्याच गलारमधला अ‍ॅपलटन, पाठीवर अख्खा अ‍ॅपल पाय (सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ) घेऊन फिरणारा, त्याच्याबद्दल चक्क लिहिलंय की त्याच्या पाठीची साल पूर्वी पोरं खाऊ म्हणून खायची. चिऊनं हे वाचलं आणि अ‍ॅपलटनला टीममधनंच काढलं, म्हणाली मला त्याच्याकडं बघून कसंतरी होतं.

अलका ह्या सगळ्यांच्या उलट आहे. ती स्वतः खायला घालते. पोकेडेक्समध्ये लिहिलंय की ट्रेनरवर विश्वास बसला की ती बेरीला क्रीमनं सजवून त्याला देते, आणि ती खूश असली की तिच्या हातातनं येणारं क्रीम जास्त गोड आणि जास्त दाट होतं. हे कोण आहे सांगा बघू? ही आपली मावशी आहे. ही ती मावशी आहे जी मूड चांगला असला की शिऱ्यात तूप जास्त घालते. मला वाटतं तिचं सगळं गोडपण ह्यातच आहे, ती डोळे मोठे करून आपल्याकडं काही मागत नाहीये, ती वाटी घेऊन उभी आहे आणि म्हणतीये घे की अजून थोडं.

आणि तिचा आग्रह इतका की लढाईत पण सुटत नाही. तिचा खास मूव्ह (लढाईतला डाव) आहे डेकोरेट, मिल्सरीची अल्क्रेमी होताना मिळतो. हा ज्याच्यावर वापरायचा त्याला ती क्रीमनं सजवते आणि त्याची हल्ला करायची ताकद एकदम वाढते. जोडीनं लढत असाल तर मस्त, शेजारच्या आपल्याच पोकेमॉनला सजवा. पण एकास एक लढाईत शेजारी कुणी नसतं, तिथं हा मूव्ह मारला की ती समोरच्या शत्रूलाच सजवते, त्याचीच ताकद वाढवते! चिऊनं पहिल्यांदा ते केलं आणि पुढच्याच मिनिटाला आमची अलका आडवी. मी हसत होतो आणि आई म्हणाली, "दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं नसतं." आता ह्यावर काय बोलणार.

तसं लढाईत ती अगदीच बिचारी नाही हां. स्पेशल अटॅक ११०, स्पेशल डिफेन्स १२१, हे आकडे चांगलेच आहेत, फक्त स्पीड ६४, म्हणजे पहिला वार बहुतेक वेळा समोरचा करतो. साडी सावरत सावरत येते बिचारी.

ओपलची लढाई मात्र प्रत्येकानं आजीला शेजारी बसवून बघावी. ओपल ही बॅलनली गावची जिम लीडर (तिथल्या आखाड्याची प्रमुख), म्हातारी, परीसारखे पोकेमॉन पाळते, आणि लढताना मधेच प्रश्न विचारते, उत्तर बरोबर दिलं की आपल्या पोकेमॉनला फायदा, चुकलं की तोटा. तिसरा प्रश्न, माझं वय किती? पर्याय दोन, १६ आणि ८८. चिऊ सरळमार्गी पोरगी, तिनं ८८ दाबलं, खरं ते खरं. चुकीचं. आई लगेच, "अगं बाईमाणसाला वय असं तोंडावर सांगतात का, सोळा म्हणायचं." आणि खरंच, उत्तर १६ च आहे. ज्यानं हा प्रश्न लिहिला त्याच्या घरात एक म्हातारी नक्की असणार.

आणि त्याच ओपलची शेवटची पोकेमॉन म्हणजे अलका, आणि ती तिला जायगँटामॅक्स करते. म्हणजे ३० सेंटीमीटरची बाहुली ३० मीटरच्या वर जाते, आणि थरावर थर असलेला अख्खा केकच होते, वर स्ट्रॉबेऱ्या. दहा मजली केक म्हणा. ह्या रूपात ती क्रीमचे गोळे मिसाइलसारखे सोडते, आणि पोकेडेक्स सांगतं एकेका गोळ्यात १,००,००० किलोकॅलरी. माणसाला दिवसाला दोन हजार धरल्या तर हे पन्नास दिवसांचं जेवण झालं, एका गोळ्यात. लागला तर डोकं गरगरतं असं लिहिलंय, लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा बासुंदी वाढल्यावर होतं तसंच असणार. पण गंमत अशी की तिचा ह्या रूपातला खास हल्ला, जी-मॅक्स फिनाले, तो समोरच्याला मारता मारता स्वतःच्या टीमची तब्येत पण भरून काढतो. मारताना सुद्धा घरच्यांना खायला घालायचं विसरत नाही. एक लक्षात घ्या, आपण गिरक्या घेऊन बनवलेली साधी अल्क्रेमी अशी मोठी होत नाही, त्यासाठी वेगळी धरावी लागते, नाहीतर नंतर आलेल्या आयल ऑफ आर्मर ह्या पुरवणीतलं मॅक्स सूप तिला पाजावं लागतं. हे आम्हाला उशिरा कळलं आणि चिऊ अर्धा दिवस बोलली नाही.

गेमला आणि अलकेला पाचपैकी साडेचार. अर्धा त्या कॅफेवाल्यामुळं कापला.

आता सॉफ्ट टॉय, ह्यावर जास्त वेळ घालवत नाही कारण राग येतो. ऑनलाइन एका विक्रेत्याकडनं मागवलं, नऊशे रुपये, फोटोत एकदम ओरिजिनल. आलं ते बघून चिऊ म्हणाली, "मामा, ही आजारी आहे का?" एक डोळा सरळ, दुसरा नाकाकडं बघतोय, डोक्यावरची स्ट्रॉबेरी टोकावर उभी शिवलेली म्हणजे मिरचीच दिसते, आणि वास नव्या चपलेचा. परत करायला गेलो तर ह्या वस्तूला रिटर्न नाही म्हणे. आईनं मग डोळा उसवून परत शिवला, काळ्या दोऱ्यानं, स्ट्रॉबेरी पण आडवी केली, दोन दिवस गच्चीत उन्हाला ठेवलं. आता बरी दिसते. पण घेऊ नका. घेतलंच तर घरात शिवणारं कुणीतरी असू द्या.

आणि केक. हा भाग मी मनापासून लिहितोय. सातारला गोडोलीच्या बाजूला एक ताई घरीच केक करतात, नाव देत नाही कारण त्यांना आधीच ऑर्डर उरकत नाहीत. फेब्रुवारीत चिऊचा वाढदिवस, म्हणजे स्ट्रॉबेरीचा सीझन जोरात, महाबळेश्वर-पाचगणीकडनं रोज ताजा माल सातारला उतरतो, २०१० साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आपला जिल्ह्याचा माल. आणि मला तिथं एकदम साक्षात्कार झाला की अलका म्हणजे दुसरं तिसरं काही नसून महाबळेश्वरचं स्ट्रॉबेरी क्रीम आहे! तो उंच ग्लास, खाली कापलेल्या स्ट्रॉबेऱ्या, त्यावर फेटलेलं क्रीम, परत स्ट्रॉबेरी, परत क्रीम, वर एक टुमदार शेंडा आणि शेंड्यावर अख्खी स्ट्रॉबेरी. त्याला डोळे काढा, झाली अलका. सहलीला गेल्यावर लहानपणापासून आपण हीच खात आलोय, जपानी लोकांनी फक्त तिला हातपाय दिले.

ताईंना मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "दादा, वजन किती पाहिजे?" मी म्हटलं अर्धा किलो, आणि खरं सांगतो, मुद्दाम म्हटलं, कारण पोकेडेक्समध्ये अल्क्रेमीचं वजन बरोबर अर्धा किलोच आहे, आणि मिल्सरी ३०० ग्रॅम, म्हणजे वाढलेलं दोनशे ग्रॅम कुठनं आलं, क्रीम फेटल्यावर फुगतं पण वजन थोडंच वाढतं, तर ते दोनशे ग्रॅम त्या स्ट्रॉबेरीचं असणार असा माझा आपला सिद्धांत आहे. ताईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या अ‍ॅडव्हान्स तीनशे.

त्या केक करताना मी बघत उभा होतो, त्यांची परवानगी घेऊन. गार भांड्यात क्रीम, बीटर आधी हळू मग जोरात, मग बीटर उचलून बघायच्या, टोक खाली वाकतंय का उभं राहतंय. टोक उभं राहिलं तिथंच थांबल्या, एक सेकंद जास्त नाही. मग केक टर्नटेबलवर ठेवला, एका हातात पट्टी स्थिर धरली आणि दुसऱ्या हातानं टेबल फिरवायला घेतलं, गर्र-गर्र, पट्टी जागची हलत नाही आणि क्रीम आपोआप गुळगुळीत. मग नोझल लावून खालपासनं वर झग्याचे थर. मी म्हटलं, ताई तुम्ही पण गिरक्याच घेताय की. त्यांना काही कळलं नाही, पण हसल्या. डोळे फॉन्डंटचे (साखरेच्या मऊ गोळ्याचे), गुलाबी, त्यात पांढरा ठिपका. अगदी हुबेहूब. साडेसहाशे रुपये टोटल, आणि मला विचाराल तर कमीच घेतले.

निघताना त्यांनी बजावलं, दादा केक सीटवर ठेवू नका, सीट उतरती असते, खाली पायाशी सपाट ठेवा आणि एसी लावा. मी ठेवतच होतो पण आई म्हणाली पायाशी कसा ठेवायचा, खायची वस्तू आहे, आण इकडं माझ्या मांडीवर. सातारा ते सांगली साधारण सव्वाशे किलोमीटर. दुपारचं ऊन, एसी आईला सोसत नाही म्हणून कराडपर्यंत बंद, पेठ नाक्याला वळलो आणि पुढं एक स्पीडब्रेकर मला दिसलाच नाही. मागनं आई फक्त "अगं बाई" म्हणाली.

विश्रामबागला पोचून बॉक्स उघडला तेव्हा अलका जराशी मागं रेललेली होती, डुलकी लागल्यासारखी. एक डोळा गालावर उतरलेला, फॉन्डंटला घाम सुटतो ना तसा. आणि कापलेल्या स्ट्रॉबेऱ्यांचा रस सुटून सगळ्या पांढऱ्या झग्यावरनं गुलाबी ओघळ गेलेले, थर पांढरा, ओघळ गुलाबी, थर पांढरा. मी चिऊच्या तोंडाकडं बघायची हिंमत करत नव्हतो. ताई, म्हणजे माझी बहीण, म्हणाली राहू दे रे, चव तीच असणार. चिऊ बॉक्सभोवती एक फेरी मारून आली, मग परत उलटी एक फेरी मारली.

"मामा," म्हणाली, "ही व्हॅनिलाची रुबी स्वर्ल झालीये."

आणि पळत जाऊन चौकटी वही घेऊन आली. रुबी स्वर्ल, स्ट्रॉबेरी, ती चौकट आमची अजून रिकामी होती. मी म्हटलं अगं चीटिंग आहे हे, गेममध्ये कुठं झाली ती. तिनं बराच विचार केला. केक तोपर्यंत आणखी एक बोट कलला होता, आई सुरी घेऊन उभी होती, बाकीची पोरं टाळ्या वाजवायला तयार. शेवटी तिनं पेन बाजूला ठेवलं आणि कंपासमधनं पेन्सिल काढून टिक केली, बारीक, खोडता येईल अशी.